यमुनेला बरं व्हायला वेळ द्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कादंबरी १९१८ सालच्या नागपुरातली. महाल या जुन्या वस्तीतल्या एका ब्राह्मण वाड्यात यमुना राहते. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, आता चोवीस वर्षांची आहे. केशवपन झालेलं, अंगावर लाल आलवण, आणि थोरल्या दिरानं केलेली बळजबरी तिनं आजवर कोणालाही सांगितलेली नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथीत माधव नावाचा तरुण डॉक्टर वाड्यात येतो. आठव्या प्रकरणात तो तिचा हात हातात घेतो, साथीतच दीर मरतो, नवव्या प्रकरणात मृगाच्या पहिल्या पावसात तिची सगळी भीती वाहून जाते, बाराव्यात लग्न. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, भाषा गोड आहे पण यमुना पटत नाही. तुम्ही विचारलंय: प्रेमानं ती बरी होते हे पटवायचं कसं? गोष्ट नागपूरकर भोसल्यांच्या काळात नेली तर? आणि शेवट लग्नावर करावा का?

ऐतिहासिक प्रेमकथांची हस्तलिखितं वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रकार मला मनापासून आवडतो. दुखावलेल्या बाईला पुन्हा प्रेम करता येतं, ही गोष्ट सांगण्यासारखीच आहे. तेव्हा माधवला काढून टाका असं मी म्हणणार नाही. अडचण एवढीच आहे की तुमच्या कादंबरीत जे काही होतं ते सगळं माधव करतो. तो हात धरतो, तो पावसात नेतो, तो लग्नाचं विचारतो, आणि यमुना प्रत्येक वेळी डोळे पुसते. तिचं दुःख तुम्ही पहिल्या चार प्रकरणांत फार ताकदीनं उभं केलंत. एवढं मोठं दुःख एका हस्तस्पर्शानं जातं म्हटल्यावर वाचणाऱ्याला वाटतं, मग ते एवढं मोठं नव्हतंच. तिथे ती पटेनाशी होते.

अशा बाईची भीती आठवणीतून कमी आणि अंगातून जास्त येते. तिला काही आठवत नसतं, तरी कडी वाजली की हातपाय गार पडतात. तंबाखूचा वास आला की पोटात कालवतं. मानसोपचारातले जाणकार बरं होण्याचा एक ढोबळ क्रम मानतात: आधी जीव सुरक्षित आहे याची खात्री, मग झालेलं सांगता येणं, मग माणसांत परतणं. तुम्ही पहिलं आणि दुसरं गाळून थेट तिसऱ्यावर गेलात. १९१८ मध्ये हे शब्द कोणाकडे नव्हते, पण बायकांची अंगं तीच होती.

आता तो पाऊस. मराठी प्रेमकथेत पहिला पाऊस आला की मनं मोकळी होतात, हे आपण गृहीतच धरतो. पण तुम्ही नागपुरात लिहिताय. इथल्या उन्हाळ्याचा विचार करा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भिंती रात्रीसुद्धा आग ओकतात, म्हणून सगळं घर अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतं. एका रांगेत अंथरुणं, मध्ये पाण्याचा माठ, कोणी कुशीवर वळलं तरी शेजारच्याला कळतं. यमुनेसारख्या बाईला वर्षातले हेच दोन महिने शांत झोप लागत असणार, कारण उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, तिच्याजवळ कोणी येऊ शकत नाही. आणि मृगाचा पाऊस आला की अंथरुणं आत जातात, दारं लागतात. म्हणजे सगळं नागपूर ज्या पावसाची वाट बघतं, त्याच पावसाची तिला धास्ती असते. माझ्या मते तुमच्या कादंबरीचं काळीज इथे आहे, आणि ते नेमकं उलट्या बाजूनं लिहिलं गेलंय.

नवव्या प्रकरणापर्यंत यमुना सासर सोडून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, मामाकडे आलेली आहे. म्हणजे ती आता सुरक्षित आहे. मग ही रात्र अशी लिहून बघा. वारा सुटतो, धुळीचा वास, टपोरे थेंब. सगळे हसत-ओरडत गाद्या गुंडाळतात. मामी मायेनं तिचं अंथरुण माजघराला लागून असलेल्या खोलीत घालते आणि म्हणते, "कडी लावून घे गं, झड आत येते." यमुना कडी लावते. थोड्या वेळानं काढते. पुन्हा लावते. शेवटी ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसते आणि पहाटेपर्यंत भिजत राहते. मामी उठून बघते, "अगं, इथं काय करतेस?" यमुना म्हणते, "काही नाही मामी, आत गरम होऊन राहिलं." पाऊस धो धो पडतोय आणि ती म्हणतेय, गरम होतंय. मामीला सगळं कळत नाही, पण काहीतरी कळतं. दुसऱ्या रात्री ती बोलत काहीच नाही, फक्त स्वतःचं अंथरुण उचलून यमुनेच्या दाराशी आडवं टाकते.

या प्रसंगात माधव कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो सकाळी येऊ दे, हवा काय छान पडलीय म्हणू दे, आणि तिचे सुजलेले डोळे बघून गप्प होऊ दे. प्रेम आलं तरी भीती परत येते, सुरक्षित घरातसुद्धा येते, हे एकदा दाखवलंत की पुढे ती जेव्हा खरोखर निवळते तेव्हा वाचणारा विश्वास ठेवतो.

आठव्या प्रकरणातल्या हस्तस्पर्शाकडे येते. त्या काळात महालातल्या वाड्यात परका पुरुष विधवेचा हात धरत नव्हता, डॉक्टर असला तरी. त्याला हक्काचा एकच स्पर्श होता, नाडी बघण्याचा, आणि तोही घरातलं वडीलधारं माणूस समोर असताना. याचाच उपयोग करा. सासू तापानं फणफणलीय. शहरात घरोघर माणसं पडलेली, माधवला रात्रभर थांबता येत नाही. कोणीतरी दर तासाला सासूची नाडी मोजायला हवी. तो खिशातलं घड्याळ काढतो आणि उंबरठ्यावर ठेवून मागे सरकतो. यमुना ते उचलते. "आधी स्वतःची मोजा," तो म्हणतो, "अंगठ्याच्या खाली, तीन बोटं. सेकंदाचा लहान काटा एक फेरी पुरी करेपर्यंत." ती मोजते. "एकशे दहा," ती सांगते. निरोगी बाईची बसल्याजागी इतकी जलद चालत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तिला तापही नाही. तो मान वर करून बघत नाही, विचारत नाही. "बरोबर मोजलंत. आता सासूबाईंची," एवढंच म्हणतो. निघताना घड्याळ मागत नाही.

इथे माधवनं तिला हात लावलेला नाही. पण तिच्या मनगटावर तिनं स्वतः बोटं ठेवली, स्वतःच्या जिवाची धडधड मोजली आणि आकड्यात सांगितली. बरं होण्याची सुरुवात मला अशी दिसते. शिवाय प्रेमकथेला लागणारी ओढही त्यात आहे: त्याला कळलंय, आणि आपल्याला कळलंय हे त्यानं तिच्यावर लादलेलं नाही. अशा पुरुषावर वाचणारी जीव टाकते. साथ खरी आणि भयंकर होती हेही विसरू नका. १९१८ च्या पावसाळ्याअखेरची ती लाट देशात ज्या प्रांतांना सर्वांत जास्त भोवली त्यांत नागपूर ज्यात येई तो मध्यप्रांत होता, आणि ती ऐन तारुण्यातली माणसं नेत होती. घरात धडधाकट एक विधवाच उरली आणि तिच्याच हातचं पाणी सगळ्यांना प्यावं लागलं, हे सहज घडण्यासारखं आहे.

कालावधीबद्दल एक साधी मोजपट्टी सांगते. तिचे केस. तुमची यमुना डिसेंबरात न्हाव्यापुढे बसायचं नाकारते आणि पुढच्या जूनमध्ये तिच्या खांद्यावर बटा रुळतात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा महिन्यांत ते जेमतेम चार बोटं होतात, वर्षभरात वीतभरही होत नाहीत. अंबाडा घालता येण्यासारखे व्हायला दोन-तीन वर्षं हवीत. मधला काळ फार बोलका आहे: पदराखाली खरखरणारे खुंट, पहिल्यांदा तेल लावावंसं वाटणं, मग लाज वाटणं, फणी कोणाकडे मागायची हा प्रश्न. कुठल्या प्रकरणात केस किती, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. तिचं मनही त्याच वेगानं चालू द्या. त्या हिशेबानं लग्न १९२१ च्या आत नको.

आणि मग १९२१ पर्यंत ती काय करते? नागपूर तुम्हाला इथे हाताशी धरून नेतं. लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट इथेच परिचारिकेचं काम शिकल्या आणि वेणूताई नेने यांच्या साथीनं १९२१ मध्ये त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला, लहानशा प्रसूतिगृहापासून. पुढे १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना पात्र करू नका. खऱ्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालणं जोखमीचं असतं. पण त्या काळातल्या नागपुरात एका विधवेला हा रस्ता मोकळा होऊ लागला होता, याचा तो भक्कम पुरावा आहे. स्कॉटिश मिशनचं बायकांसाठीचं मूर मेमोरियल हॉस्पिटलही बर्डीवर होतंच. यमुना तिथे शिकायला जाऊ लागली तर घरात केवढं वादळ होईल बघा. मिशनऱ्यांच्या दवाखान्यात विटाळ, बाटवतील ही भीती, बाळंतिणीचं रक्त. आणि महिन्याच्या शेवटी हातात पडणारे स्वतःचे पैसे. त्या पैशातून ती पहिल्यांदा काय घेते, यावर एक पान खर्च करा. मला विचाराल तर दाराला आतून लावायचा अडसर.

पैशाचा विषय निघालाच आहे तर कायदा नीट लावा. १८५६ च्या कायद्यानं हिंदू विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला हे तुम्ही लिहिलंय. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं, पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क आणि पोटगी संपत होती. स्त्रीधन तेवढं तिचं. एकत्र कुटुंबात विधवेला वाटा मिळायला लागला तो १९३७ च्या कायद्यानंतर. म्हणजे १९२१ मध्ये लग्नाला हो म्हणताना यमुना सासरचं अन्नवस्त्र कायमचं सोडते, आणि माधव उद्या वाईट निघाला तर तिच्याकडे परतीचं दार नाही. तिचा होकार जड का आहे ते यातून कळतं. हातात कमाई आल्यावरच ती हो म्हणू शकते. आधी म्हणाली तर तो होकार भुकेचा आहे की मनाचा, हे तिलाही सांगता येणार नाही.

तुमच्या हस्तलिखितात सगळं नागपूर विधवेचं लग्न पाप मानतं. तसं नव्हतं. कुणबी, तेली, माळी, कोष्टी अशा अनेक जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेनं पुन्हा घर मांडण्याची, रीत जुनीच होती. पाटाला लग्नाइतका मान नसे, पण तो चोरून होत नसे. वाड्यात धुणंभांडी करणारी बाई तुम्ही दोन ओळींत घालवलीत. तिला पुढे आणा. तिचा पहिला नवरा गेलाय, दुसऱ्याशी पाट लावलाय, दोन लेकरं आहेत. राखेनं तपेलं घासता घासता ती म्हणेल, "काहून वो बाई, म्या पाट लावला तं का आभाय पडलं का?" यमुना ज्याला जगाचा नियम समजत होती तो चार घरांचा नियम आहे, हे तिला एखाद्या सुधारकाच्या व्याख्यानापेक्षा या बाईकडून कळू दे.

यमुनेला राग येत नाही, ही गोष्टही मला खटकली. अडीचशे पानांत एकदाही नाही. सोशिक नायिका आपल्याला सवयीनं आवडतात, पण राग हा बरं होण्यातला मोठा टप्पा असतो. आणि तो काळाला सोडून होईल अशी शंका मनात आणू नका. आपल्याच विदर्भात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला होता, आणि निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरच्या भ्रूणहत्येच्या खटल्याचं. यमुनेच्या जन्माच्याही आधीची ही गोष्ट. तिला माधवचाही राग येऊ द्या. त्यानं एखाद्या दिवशी न विचारता तिच्यासाठी काही ठरवावं, चांगल्याच हेतूनं, आणि तिनं त्याला ओसरीवरून परत पाठवावं. तो पुन्हा येतो की नाही, आणि येतो तेव्हा काय बोलतो, यावर तुमचा नायक तोलला जाईल.

माधवला मोजावी लागणारी किंमतही दाखवा. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला तेव्हा त्यांच्या गावच्या, कोकणातल्या मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, घरच्यांनी थारा दिला तर त्यांनाही वाळीत टाकू म्हणून बजावलं. १९२१ चं नागपूर त्यामानानं सैल होतं, तरी माधवच्या बहिणीचं लग्न मोडू शकतं, महालातले रोगी दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतात. त्यानं हे सगळं यमुनेला ऐकवू नये, मात्र वाचणाऱ्याला दिसावं.

भोसलेकाळाबद्दल: नेऊ नका. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला गेले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा झालं, राजवाड्यातल्या दागिन्यांचा लिलाव झाला. तो इतिहास इतका भरजरी आहे की यमुना त्यात हरवेल. शिवाय पुनर्विवाहाचा कायदा तेव्हा व्हायचाच होता. तुमच्या काळातही मोठ्या घटना आहेत. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं. त्याचं सभावर्णन नको. त्या दिवसांत यमुनेला दवाखान्यातून घरी यायला टांगा मिळत नाही, ती जुम्मा तलावाच्या काठानं एम्प्रेस मिलच्या भोंग्याच्या आवाजात एकटी चालत जाते आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात येतं की आज आपण मागे वळून बघितलंच नाही, एवढं पुरे.

राहिला शेवट. दिराला साथीत मारू नका. लेखकानं शिक्षा दिली की यमुनेचं काम लेखकच करून टाकतो. असे लोक जगतात, सभांना अध्यक्ष म्हणून बसतात. त्याला जिवंत ठेवा, आणि त्याच्यापेक्षा जास्त लक्ष त्याच्या बायकोकडे द्या. तुमच्या वाड्यात यमुनेची जाऊ आहे, तिसऱ्या प्रकरणात ती एकदा दिवा घेऊन जिन्यात उभी असते आणि आल्या पावली परत जाते. ती ओळ तुम्ही लिहून पुढे निघून गेलात. तिला माहीत होतं. पाच वर्षं माहीत होतं.

तीच जाऊ अडलेली बाळंतीण म्हणून यमुना काम करते तिथे येते, हे प्रकरण लग्नाच्या आधी घाला. कळा चालू आहेत, सुईण कमी पडतेय, आणि जाऊ तिचा हात घट्ट धरते. यमुना तो झटकत नाही, पण माफही करत नाही. कामाचं तेवढं बोलते, कूस बदला, श्वास घ्या. मूल झाल्यावर जाऊ म्हणते, "मला कळत होतं गं." तेव्हा यमुना काय उत्तर देते ते मी सुचवणार नाही, ते तुम्हालाच सापडायला हवं. त्या रात्री घरी जाऊन ती माधवला पहिल्यांदा सगळं सांगते, की मामीला सांगते, की कोणालाच नाही, हेही त्या उत्तरावरच ठरेल. लग्न त्याच्यानंतर करायचं तर करा, दोन पानांत, फार वर्णन न करता.

आधी हे जावेचं प्रकरण आणि पावसाची रात्र, एवढंच लिहून पाठवा. बाकीच्या प्रकरणांची उलथापालथ त्यानंतर ठरवू.